पाणमोटीचा पापुद्रा

मोहने,
९ जानेवारी २०२५

चि. सौ. श्रियास,
अनेक आशीर्वाद.

शनिवारपासून तुला बरेच फोन लावले. तू उचलत नाहीस. सासऱ्याचा राग आलेला असताना सुनेने फोन का उचलावा, हेही मला कळतं. म्हणून पत्र टाकतो. पत्राला लगेच उत्तर द्यावं लागत नाही.

त्या दिवशी तू कल्याणच्या दवाखान्यात धावत आलीस तेव्हा कोणी धड बोलण्याच्या अवस्थेत नव्हतं. काय झालं ते नीट लिहून ठेवतो. पहिला शनिवार, तुझी बँक चालू, म्हणून नेहमीसारखी साडेआठला सान्वीला माझ्याकडे सोडून गेलीस. ती खाली बसून चित्र रंगवत होती. धाकू प्लंबर मोरीचा नळ बदलायला आला होता. चाळीतली सगळी कामं तोच करतो, तू पाहिलं आहेस त्याला. त्याची चुन्याची पुडी ओट्यावर राहिली. मलईच्या रंगाची इवलीशी प्लास्टिकची पुडी, पोरीला गंमत वाटली. तिने दोन्ही हातांनी दाबली, ती फुटली आणि चुना उजव्या डोळ्यात उडाला. मी लगेच तिला नळाखाली धरलं, भरपूर पाणी मारलं. शेजारच्या रखमाबाईंनी रिक्षा आणली. पुढचं तुला माहीत आहे.

केदारचा बोटीवरून काही निरोप आहे का? त्याने मला काही कळवलेलं नाही. डोळ्याचं काय म्हणतात तेवढं एका ओळीत कळव. तिची रंगपेटी इथेच राहिली आहे.

तुझा,
बाबा

●

कळवा,
१५ जानेवारी २०२५

ती. बाबा,
सा. नमस्कार.

पत्र मिळालं. सान्वीची हकिगत कळवण्यापुरतंच लिहिते. टिटवाळ्याचं घर सध्या बंद ठेवलंय. इथून ठाण्याचं हॉस्पिटल जवळ पडतं, म्हणून आईकडे राहतोय.

कल्याणच्या डॉक्टरांनी पाठवल्यावर ठाण्याला डॉ. क्षिप्रा यांनी तिला बघितलं. पहिला तासभर डोळा सलाईनने धुतला. मध्येमध्ये एक कागदाची पट्टी पापणीच्या आत लावायच्या. चुना शिल्लक असला की ती निळी होते. चौथ्या वेळी निळी झाली नाही. मग पापणी उलटी करून कापसाने कण काढले. सान्वी सुरुवातीला ओरडत होती, नंतर ओरडायची थांबली.

डोळ्याची समोरची काच दुधट झालीय. काचेच्या कडेला ज्या पेशी असतात, ज्यांच्यातून तिच्यावरची नवी कातडी तयार होत राहते, त्या निम्म्याहून जास्त भाजल्यात. त्या मेल्या की डोळ्यावर पांढरा पडदा चढत जातो आणि पापणी आतून चिकटते. ते टाळायला मंगळवारी भूल देऊन डोळ्यावर एक पापुद्रा शिवला. तो कुठून येतो हे ऐकून आई दचकली, म्हणून तुम्हाला आधीच सांगते. बाळ पोटात ज्या पाण्याच्या पिशवीत असतं, त्या पिशवीचा हा आतला पापुद्रा. बाळंतपणात वार पडते तिच्याबरोबर येतो. कोणीतरी बाईने दिलेला आहे. मला दाखवला त्यांनी. उकडलेलं अंडं सोलताना सालीखाली जे पातळ कातडं लागतं ना, तसा. त्याने सूज उतरते, दुखणं कमी होतं, आणि त्याच्या आडोशाने नवी कातडी धरते. अंगाला तो परका वाटत नाही, त्यामुळे काही जुळवावं लागत नाही. दहा-बारा दिवसांत आपोआप विरघळतो. त्यानंतर कळेल.

डॉक्टरांनी मला तीन प्रश्न विचारले. चुना किती वाजता गेला? पहिलं पाणी किती मिनिटांनी पडलं? पाण्याआधी डोळ्यात दुसरं काही घातलं का? तुमच्या सांगण्यावरून मी म्हटलं, लगेच पाणी मारलं, दुसरं काही नाही. त्यांनी मान हलवली, पण लिहून घेतलं नाही. म्हणाल्या, "घरी पुन्हा विचारा."

म्हणून विचारते. नीट आठवून लिहा. भेटायला येऊ नका.

श्रिया

●

मोहने,
२० जानेवारी २०२५

चि. सौ. श्रियास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं. दोन वेळा भूल दिली की एकदाच? इतक्या लहान पोरीला भूल सोसते का, हे डॉक्टरांना विचारून घे. माझं म्हणणं, पुढचं काही करायचं असेल तर केदार मे महिन्यात येतोय, तोवर थांबावं.

तू ज्याला पाण्याची पिशवी म्हणतेस तिला आमच्याकडे पाणमोट म्हणतात. तुला मी कधी सांगितलं नसेल, माझी आई गोदूबाई सुईण होती. राजापूरच्या बाजूला आमच्या पाच वाड्यांत तिच्या हातावर मुलं झाली. मला ती सामान धरायला बरोबर न्यायची आणि पडवीत बसवायची. आतून बायका म्हणायच्या, "पाणमोट फुटली," की आम्ही समजायचो, आता फार वेळ नाही. वार पडली की आई ती मडक्यात घालून माडाच्या बुंध्याशी पुरायची आणि कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर धोंडा ठेवायची. मी एकदा विचारलं होतं, "आये, ह्यात काय असतं?" म्हणाली, "बाळाचं घर रे ते. काम झालं त्याचं." त्याचं आणखी काही काम होऊ शकतं हे तिला ठाऊक नव्हतं.

मला एक गोष्ट लागून राहिली आहे. त्या बाईचं मूल गेलं असणार. नाहीतर आपली वार दुसऱ्याला कोण देईल? कुणाच्या तरी घरात असं झालं आणि ते आपल्या सान्वीच्या डोळ्यावर आलं. त्या बाईचं नाव कळलं तर मी जाऊन भेटून येईन.

वेळेचं म्हणशील तर मी घड्याळ पाहिलं नव्हतं. लगेच म्हणजे लगेच.

तुझा,
बाबा

●

कळवा,
२७ जानेवारी २०२५

ती. बाबा,
सा. नमस्कार.

भूल एकदाच दिली. गुरुवारी पुन्हा देणार आहेत. केदार येईपर्यंत थांबायचं की नाही हे डोळा ठरवतो. पहिला पापुद्रा आठव्या दिवशीच विरला. खालून अर्धी कातडी आलीय, वरचा भाग उघडाच आहे. तिथे दुसरा बसवायचा आहे.

त्या बाईचं मूल गेलेलं नाही. मीही हाच प्रश्न विचारला होता. ज्यांचं सिझेरियन आधीपासून ठरलेलं असतं अशाच बायकांना विचारतात. नेहमीच्या बाळंतपणातला पापुद्रा घेत नाहीत, त्याला जंतू लागलेले असू शकतात. बाईची लेखी परवानगी लागते. तिच्या रक्ताच्या सगळ्या तपासण्या होतात. मग तो साफ करून, तुकडे करून, उणे ऐंशी डिग्रीला ठेवतात. सहा महिन्यांनी त्या बाईला परत बोलावून परत रक्त तपासतात. तेही स्वच्छ निघालं तरच वापरायला काढतात. म्हणजे आपल्याला मिळाला त्याचं बाळ आता निदान सहा महिन्यांचं असेल. नाव सांगत नाहीत. तिलाही आपलं सांगत नाहीत.

आता दुसरी गोष्ट. केदारने बोटीवरून चाळीच्या सेक्रेटरींना, साईनाथ काकांना, मेल केला. "ज्याच्या निष्काळजीपणामुळे माझ्या मुलीचा डोळा गेला, त्या माणसाला चाळीत पाऊल टाकू देऊ नका." काकांनी तसं केलं. बाजूच्या दोन सोसायट्यांनीही धाकूचं काम बंद केलं. काल त्याची बायको सगुणा मला फोन करून रडत होती. म्हणाली, "ताई, ते तर चुना-तंबाखूला हात लावत नाहीत. माळकरी आहेत. आणि शनिवारी ते तिकडे गेलेच नव्हते." मी फोन ठेवला.

डॉ. क्षिप्रा काल म्हणाल्या, "लगेच धुतलेला डोळा इतका पांढरा होत नाही."

मी तुम्हाला परत विचारत नाही. फक्त हे दोन्ही कळवलं.

श्रिया

●

मोहने,
१ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. श्रियास,
आशीर्वाद.

पुडी माझी होती.

सान्वीला माझ्याकडे ठेवायच्या आधी तू एकच अट घातली होतीस, घरात तंबाखू नको. मी हो म्हटलं होतं आणि चार महिने पाळलंही. दसऱ्यानंतर परत सुरू झाली. पुडी आणि चुना चष्म्याच्या जुन्या डबीत ठेवायचो, डबी रेडिओमागे. धाकू आदल्या दिवशी येऊन नळ बसवून गेला होता. शनिवारी तो आलाच नव्हता.

सान्वीला चित्रात मला चष्मा काढायचा होता, म्हणून तिने डबी शोधली. मी दाढी करत होतो. तिची किंकाळी ऐकून वळलो तर एक हात डोळ्यावर आणि दुसऱ्या हातात फुटलेली पुडी. मी सगळ्यात आधी तिच्या हातातली पुडी घेतली आणि मोरीच्या भोकात कोंबली. त्यानंतर तिच्याकडे बघितलं. हा क्रम मी मुद्दाम लिहितो आहे.

पाणी मी मारलं नाही. इथली कंपनी चालू होती तेव्हा मी तिथे एकवीस वर्षं पाणी शुद्ध करायच्या विभागात चुन्याच्या टाकीवर होतो. कळीच्या चुन्यावर पाणी पडलं की तो उकळतो. एका माणसाचे हात त्यात सोलून निघालेले मी बघितले आहेत. माझ्या डोक्यात तेच बसलं, पाणी घातलं तर डोळा उकळेल. पुडीतला चुना आधीच भिजवलेला असतो, तो उकळत नाही, हे मला माहीत असायला हवं होतं. त्या क्षणी आठवलं नाही. मी कोरड्या रुमालाने पुसत राहिलो. मग कपाटातून एरंडेल काढलं आणि दोन थेंब डोळ्यात घातले. ती म्हणत होती, "आजोबा, पाणी द्या, पाणी." मी म्हटलं, "नको, त्याने जास्त भाजेल."

रखमाबाई आवाज ऐकून आल्या. "अहो, करताय काय? सरका!" म्हणून त्यांनी पोरीला उचललं आणि सरळ नळाखाली धरलं. पाणी त्यांनी मारलं. मी घड्याळ बघितलं नव्हतं हेही खोटं. दाढीला बसलो तेव्हा रेडिओवर नऊच्या बातम्या सुरू झाल्या होत्या, पाच मिनिटांत तिची किंकाळी आली, रखमाबाई आल्या तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते. पंचवीस मिनिटं. डॉक्टरांना हा आकडा सांग.

काल मी धाकूच्या घरी गेलो होतो. तो उंबऱ्यात उभा राहिला. मी सांगितलं. तो म्हणाला, "काका, मला आत बोलवायला लावू नका." मी तिथूनच परत आलो. आज सकाळी साईनाथने चाळीतल्या माणसांना खाली बोलावलं. मी सगळ्यांसमोर हेच सांगितलं, इथे लिहिलं तसं. साईनाथकडून पत्ता घेऊन केदारलाही मेल पाठवला आहे, त्याच्या मुलीने टाइप करून दिला.

तू काय ठरवशील ते मान्य आहे.

बाबा

●

कळवा,
१२ फेब्रुवारी २०२५

ती. बाबा,
नमस्कार.

दुसरा पापुद्रा तीस तारखेला बसला. या वेळी दोन थर घातले आणि पापणी चिकटू नये म्हणून आत एक प्लास्टिकची कडी ठेवलीय. दिवसातून आठ वेळा औषध घालावं लागतं. बँकेतून रजा वाढवून घेतलीय.

तुमचं पत्र मी डॉ. क्षिप्रांना वाचून दाखवलं. उशीर झाला असणार हे त्यांना डोळ्यावरूनच कळलेलं. एरंडेलाचं कळलं नव्हतं. तेलामुळे चुना पापणीच्या घडीत धरून राहिला असेल, म्हणाल्या. मी विचारलं, हे पहिल्याच दिवशी कळलं असतं तर फरक पडला असता का? "आम्ही त्या घडीत आणखी शोधलं असतं," एवढंच म्हणाल्या. आणखी एक म्हणाल्या, शेजारच्या बाईंनी नळाखाली धरलं नसतं तर पापुद्रा लावायलाही काही उरलं नसतं. रखमाबाईंना मी फोन केलेला. त्या म्हणाल्या, "मला काय डॉक्टरकीतलं कळतं? भाजलं की पाणी, एवढंच." त्यांनी आजवर तुमच्याबद्दल मला एक शब्द सांगितला नव्हता. म्हणाल्या, "ते स्वतः सांगतील म्हणून थांबले."

तंबाखूचा राग मी कदाचित गिळला असता. घाबरून माणूस चुकतो हेही मला समजतं. एका माणसाचं काम तुमच्या एका वाक्याने बंद झालं, आणि तुम्ही तीन आठवडे ते बघत होतात, हे मला समजत नाही. केदारलाही नाही. तो तुम्हाला लिहिणार नाही म्हणतो. मी लिहिते, कारण कोणीतरी लिहिलं पाहिजे.

मीही तुमच्यापासून एक गोष्ट लपवलीय, ती सांगून टाकते. मला पाचवा महिना आहे. केदार बोटीवर जायच्या आधीच कळलेलं. संक्रांतीला सांगायचं ठरवलेलं, त्याआधी हे झालं. नंतर सांगावंसं वाटलं नाही.

सान्वीच्या वेळचं सिझेरियन, म्हणून हेही सिझेरियनच ठरलंय. हॉस्पिटलच्या टिश्यू बँकेतल्या, म्हणजे हे पापुद्रे जमवून ठेवतात तिथल्या, बाई वॉर्डात फिरत असतात. त्यांनी मला विचारलं नव्हतं, मीच विचारलं. फॉर्म भरलाय. आई म्हणते, आपल्या बाळाचं असं दुसऱ्याला देऊ नये. मी म्हटलं, सान्वीच्या डोळ्यावर काय आहे?

अजून येऊ नका.

श्रिया

●

मोहने,
१८ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. श्रियास,
अनेक आशीर्वाद.

बातमी वाचून बरं वाटलं. मला आधी सांगितलं नाहीस ते ठीकच झालं.

फॉर्म भरलास ते चांगलं केलंस. माझ्या आईने आयुष्यभर वार पुरली, तू देते आहेस. मला दोन्ही बरोबर वाटतं. तुझ्या आईंना माझा नमस्कार सांग, त्यांची समजूत मी घालू शकत नाही.

धाकूला चाळीने परत बोलावलं. एका सोसायटीनेही बोलावलं, दुसरीने दुसरा माणूस ठेवला आहे. काल तो रखमाबाईंचा गीझर लावायला आला होता. माझ्या दारावरून गेला, माझ्याकडे बघितलं नाही. तंबाखू सुटली असं मी लिहिणार नाही. खाल्लेली नाही, एवढंच.

तू लिहिशील तेव्हा लिही.

बाबा

●

कळवा,
५ जुलै २०२५

ती. बाबा,
सा. नमस्कार.

साडेचार महिने लिहिलं नाही. केदारने मेमध्ये आल्यावर तुम्हाला फोन केला आणि तो दोन मिनिटांत संपला, एवढं मला माहीत आहे.

बारा जूनला मुलगी झाली. आम्ही दोघी बऱ्या आहोत. टिश्यू बँकेच्या बाई ऑपरेशन थिएटरच्या बाहेर डबा घेऊन थांबल्या होत्या. मला काही दिसलं नाही, मध्ये पडदा होता. नंतर त्या येऊन म्हणाल्या, चांगला निघाला, बारा-चौदा तुकडे होतील. डिसेंबरमध्ये मला रक्त द्यायला बोलावलंय. त्यानंतर तो कुणाला जाईल ते आम्हाला कळणार नाही.

सान्वीचा डोळा. पापणी चिकटली नाही. काच बरीच साफ झाली, खालच्या बाजूला एक ढगासारखा डाग राहिला, तो राहणार. तक्त्यावरच्या वरच्या पाच ओळी वाचते. चांगला डोळा रोज दोन तास झाकून ठेवायचा, म्हणजे भाजलेल्या डोळ्याला काम पडतं. पुढे मोठी झाल्यावर अजून एखादं ऑपरेशन लागेल कदाचित. डॉ. क्षिप्रा म्हणाल्या, यापेक्षा चांगलं त्यांनी जानेवारीत धरलं नव्हतं.

आता ज्यासाठी हे पत्र लिहिते ते.

मंगळवारी तपासताना डॉक्टरांनी गप्पा मारत सान्वीलाच विचारलं, "ती पुडी तुला मिळाली कुठे गं?" सहा महिन्यांत हे तिला कोणी विचारलंच नव्हतं. आम्ही सगळे मोठ्यांनाच विचारत होतो. सान्वी खुर्चीवर पाय हलवत बसली. मी म्हटलं, "सांग की. आजोबांच्या डबीत होती ना? आम्हाला माहितीय." ती एकदम माझ्याकडे वळून म्हणाली, "मी नाही हं सांगितलं! आजोबा म्हणालेले आईला सांगायचं नाही. मी कोणालाच नाही सांगितलं."

हे तुमच्या पत्रात नव्हतं.

दोन वेळा भूल दिली, डोळ्यात टाके घातले, कडी बसवली, या सगळ्यात सहा वर्षांची मुलगी तुमचं गुपित सांभाळून बसलेली. मी तिला सांगितलं, आता सांगितलं तरी चालतं. तिला पटलं नाही. म्हणाली, "आजोबांनी कुठे म्हटलंय?"

तेरा तारखेला रविवार आहे. सकाळी या. मुली तुमच्या एकट्याकडे मी पुन्हा ठेवणार नाही, हे आधीच सांगते, म्हणजे नंतर त्यावर बोलायला नको. पण तिला जे सांगितलंत ते तुम्हीच येऊन मागे घ्या. केदार घरी असेल. त्याच्याशी बोलणं झालंच पाहिजे असं नाही.

श्रिया

●

मोहने,
१४ जुलै २०२५

चि. सौ. श्रियास,
अनेक आशीर्वाद.

काल तू आत बाळाला पाजत होतीस आणि केदार दूध आणायला खाली गेला होता, म्हणून बाहेर काय झालं ते लिहितो. या वेळी सगळं लिहितो.

ते मी तिला रिक्षात म्हटलं होतं. रखमाबाई पुढे वाकून ड्रायव्हरशी बोलत होत्या. सान्वी माझ्या मांडीवर होती, ओलं फडकं डोळ्यावर. मी तिच्या कानाशी म्हटलं, "डबीचं आईला सांगू नकोस हं." तिने मान हलवली. फेब्रुवारीत तुला लिहिताना मी हे विसरलो होतो असं नाही. बाकीचं लिहून झालं आणि तिथे पेन थांबलं. वाटलं, ती लहान आहे, विसरली असेल.

काल ती आधी जवळ आली नाही. पट्टी चांगल्या डोळ्यावर होती, भाजलेल्या डोळ्याने माझ्याकडे बघत होती. मला विचारलं, "तुमचा शर्ट निळा आहे ना?" मी म्हटलं, "हो." "बघा, मला दिसतंय."

मी खाली बसलो. तिला म्हटलं, "सान्वी, मी तुला आईला सांगू नकोस म्हणालो होतो. ते मी चुकीचं सांगितलं. माझी चूक झाकायला सांगितलं. तुझी काही चूक नव्हती. आता तू सांग."

"आईला?"

"आईला, बाबांना, ज्याला पाहिजे त्याला."

"शाळेत पण?"

"शाळेत पण."

ती चप्पल न घालता दार उघडून बाहेर गेली. जिन्यात ती वरच्या मजल्यावरची मुलगी खेळत होती. सान्वी कठड्याला धरून ओरडली, "ऐक ना! माझा डोळा ना, आजोबांच्या चुन्याने भाजला! त्यांनी डबीत लपवलेला! आणि पाणीपण नाही घातलं!" ती मुलगी म्हणाली, "खरंच?" तर सान्वीने परत सांगितलं, आणखी मोठ्याने. खालच्या मजल्यावरचं एक दार उघडलं. कोणीतरी विचारलं, "कोण गं?" तिने त्यांनाही सांगितलं.

केदार दुधाची पिशवी घेऊन वर येत होता. त्यानेही ऐकलं. तो जिन्यात थांबला, मी दारात उभा होतो. तिचं सांगून होईपर्यंत आम्ही दोघंही हललो नाही.

बाबा